बाणाई दारात उभी राहिली

मारोतीमामा, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी तुमचं नाव घेतो. लोकांना वाटतं, यानं आईबापाचं नाव घ्यावं. पण आई स्वतःच सांगायची, "म्या नुस्ता जन्म देला. शाळंत मारोतीनं बसिवला." आईबाप वर्षातला बराचसा काळ मेंढरांमागं फिरायचे, आज या शिवारात तर उद्या पुढच्या. त्या बिऱ्हाडातल्या पोराला शाळा कुठली? तुम्ही मात्र कळप भावांच्या हवाली करून जुना ट्रक घेतला होता. त्यामुळे आपल्या साऱ्या गणगोतात एका जागी राहणारं घर तेवढं तुमचंच होतं. त्या घरात राहून मी आखाडा बाळापूरच्या शाळेत गेलो, नांदेडला कॉलेजात गेलो आणि आता वसमतला पोरांना विज्ञान शिकवतो. आपल्यात पदवी घेतलेला पहिला मीच. माझी ओळख करून देताना तुम्ही हे सांगायचात, आणि मग लगेच म्हणायचात, "पर गाडीतलं काई कळत न्हाई त्याला."

तेरवी होऊन गेली. पाहुणे गेले, मंडप सुटला. मी रजा वाढवून अजून इथंच आहे. दमून गेलो आहे, मामा. रडण्यानं माणूस इतका दमत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून, चहाचे कप उचलून, आणि सकाळ-संध्याकाळ तुमच्या गाडीखाली पडून दमलो. हाताचा डिझेलचा वास राखेनं घासूनही जात नाही. हे लिहितानाही तो कागदाला लागतो आहे.

तुमच्याशी बोलायचं तर गाडीवरूनच सुरुवात करावी लागते. दुसऱ्या कुठल्या विषयावर आपण सरळ बोललो तरी कधी?

त्या शेवटच्या दिवसाबद्दल मामींनी मला एवढंच सांगितलं. तुम्ही हट्टा गावी हळदीची पोती उतरवून रिकामी गाडी घेऊन आलात. रोजच्यासारखी गाडी घरामागच्या माळावर, उतारावर न नेता सरळ दारासमोर, सपाटीवर लावलीत आणि इंजिन बंद केलंत. मामी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "गाडी दारात बंद केली तवाच म्या भाकर तव्यावर सोडली," त्या म्हणाल्या. "म्हणलं, ह्या माणसाला आता उद्या गाडी चालू करायची न्हाई." तुम्हाला छातीत दुखतंय हे तुम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते गाडीच्या जागेवरून ओळखलं. जीप मिळाली, दवाखाना गाठला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

बाणाई मात्र दारातच राहिली. ट्रकच्या कपाळावर तुम्ही पिवळ्या रंगात ते नाव लिहून घेतलं होतं. मल्हारी देवाची धनगराघरची बायको ती, म्हणून आपली. सारं गाव गाडीला त्याच नावानं ओळखतं. "बाणाई आली का?" म्हणजे तुम्ही आलात का.

ती उतारावरची जागा माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. घरामागं माळ, माळावर बाभळीचं एक झाड, आणि झाडाखालून पांदीच्या वाटेपर्यंत उतरत गेलेली मुरमाड जमीन. तोंड उताराकडं करून तुम्ही गाडी लावायचात, पुढच्या चाकांना दगड. सकाळी दगड काढायचे, गाडी घरंगळू द्यायची, वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. गाडी एक मोठा हिसका देऊन उठायची. हिवाळ्यात त्याआधी घमेल्यात चुलीतले निखारे आणून इंजिनाच्या चेंबरखाली ठेवायचे, म्हणजे आतलं ऑइल पातळ होतं. मामींचं पाणी तापायचं राहिलं तरी चालेल, पण बाणाईचं ऑइल तापलं पाहिजे. "माजी सवत हाय ती," मामी म्हणायच्या. "तिला अंगार, मला धूर."

एवढं करून चालू झाली तरी तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलायचा नाही. थंड इंजिन आपल्या बळावर उभं राहायचंच नाही. भक-भक, भक, मग एक लांब दम, पांढरा धूर, आणि बंद. म्हणून तुम्ही मेंढरं रात्री कोंडायच्या जाळ्याची एक लाकडी खुंटी तासून घेतली होती. ॲक्सिलरेटर दाबून ती सीटच्या पत्र्याला अडकवायची आणि तेवढ्यात खाली उतरून चहा प्यायचा. ती खुंटी अजून केबिनमध्ये आहे. तुमच्या बुटाच्या टाचेसारखीच एका बाजूनं झिजली आहे.

दुसरं दुखणं गिअरचं. दुसरा गिअर पडायचा, पण टिकायचा नाही. चढावर जोर आला की दांडा आपोआप मोकळा होऊन मागं यायचा. त्यासाठी मेंढीच्या लोकरीचा दोर होता. दुसरा पडला की दोराचा फास दांड्यात अडकवायचा आणि शेजारी बसलेल्यानं तो ताणून धरायचा. शेजारी कोण बसलंय याच्याशी गाडीला मतलब नव्हता. एकदा कळमनुरीच्या बाजारातून येताना एका लग्नाच्या वरबापाला तुम्ही तो धरायला लावलात. त्याचा फेटा सुटला, पण तुम्ही त्याला हात सोडू दिला नाहीत. "व्याही, ढिल्ला सोडू नगा, न्हाईतर लग्न मोडंल," तुम्ही म्हणालात, आणि तो बिचारा घरापर्यंत दोन्ही हातांनी दोर ताणून बसला.

आपलं भांडण या दोन दुखण्यांवर होतं. तुम्ही म्हणायचात, गिअरबॉक्स मुळातच कच्चा, घेतला तेव्हापासूनच. मी म्हणायचो, रोज सकाळी पूर्ण गाडीचं वजन त्या एका गिअरवर आदळता, तो झिजणार नाही तर काय होणार.

"मंग पयल्यात सोडू का?"

"सेल्फवर चालू करा ना मामा. स्टार्टर कशासाठी असतो?"

"सपाटीवर सेल्फ मारत बसलं तर बॅटरी मरती. उतार फुकट हाय."

"मग इंजिन दाखवा. कॉम्प्रेशन गेलंय. पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागतील."

"तुज्या पुस्तकात सगळ्या गाड्यायच्या रिंगाच जाऊन राहिल्या का? डिझेल फवारायची नोझलं खराब झालेत नोझलं. आन् हिला उतार मानवतो, दत्त्या. ध्यानात ठेव. मागल्या दिवाळीत उतारावर हुभी आस्ताना सेल्फ मारला, तर एका झटक्यात उठली. ढकलली बी न्हाई."

"तो योगायोग होता."

"व्हय. तुमचं जमलं की विज्ञान, आमचं जमलं की योगायोग."

हे भांडण मी कॉलेजात असल्यापासून चाललं होतं. माझी नोकरी लागली, लग्न झालं, लेकरं झाली, भांडण तिथंच. मला वाटतं आपल्या दोघांनाही ते संपवायचं नव्हतं. फोनवर तब्येतीची विचारपूस झाली की दोघांकडचे शब्द संपायचे. मग तुम्ही म्हणायचात, "आज लई धूर मारला तिनं," आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं आरामात जायची.

पण त्या दुखण्यानं माझं काय नेलं ते मी तुम्हाला कधी बोललो नाही. ते आज बोलतो.

बाणाई सपाटीवर बंद केली की परत उठायची खात्री नसायची. म्हणून जिथं उतार नाही तिथं तुम्ही इंजिन बंदच करायचा नाहीत. आणि इंजिन चालू ठेवून गाडीपासून लांबही जायचा नाहीत. हॉस्टेलवर मला पहिल्यांदा सोडायला आलात तेव्हा फाटकासमोर गाडी भकभकत उभी राहिली. बाकीच्या पोरांचे बाप पेट्या उचलून वर खोलीपर्यंत गेले, कॉट हलवून बघत होते, खिडकी उघडून देत होते. तुम्ही केबिनमध्येच बसून राहिलात, पाय ॲक्सिलरेटरवर. "जा, वर जा. मी हितंच हाय," म्हणालात. मी पेटी घेऊन वर गेलो. खिडकीतून बघितलं तर तुम्ही मान वाकडी करून माझी खिडकी कुठली ते शोधत होतात. मी हात केला, पण तुम्ही दुसऱ्याच खिडकीकडं बघून हात हलवलात आणि निघून गेलात.

पुढच्या खेपेला मात्र तुम्ही वर आलात. कॉटवर बसलात, माझ्या डब्यातली भाकरी खाल्लीत, वहीत काय लिहिलंय ते अक्षर जुळवत वाचलंत. नंतर दर खेपेला आलात. ते कसं जमलं यावर तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही नाही.

वसमतच्या माझ्या घराला मात्र उतार कुठून आणू? ती सगळी सपाट प्लॉटिंगची वस्ती. घर बांधलं तेव्हा वास्तूला तुम्ही आलात आणि फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून उभे राहिलात. बायकोनं पुरणपोळीचं ताट बाहेर नेलं. तुम्ही बॉनेटवर ताट ठेवून जेवलात आणि म्हणालात, "ताट गरम राहतं." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर हट्ट्याला जाता-येता कितीदा तरी थांबलात. फाटकाबाहेर हॉर्न, बायकोनं चहा बाहेर नेणं, लेकरांनी केबिनमध्ये चढून तुमच्या मांडीवर बसणं. ज्यांनी मला एका जागी राहणारं घर दिलं, ते माझ्या घरात एकदाही बसले नाहीत. बसनं या म्हटलं की, "बसमधी मळमळतं."

आता गेल्या काही दिवसांत काय झालं ते ऐका.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बालाजीनं विषय काढला. तुमच्या पोराला दोष देऊ नका. पुण्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, त्याला ट्रक सांभाळणं शक्य नाही आणि दारात सडत ठेवणं त्याला बघवत नाही. त्यानं नांदेडच्या एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. तो क्रेन घेऊन येणार आणि ओढून नेणार. मामी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"इकायची तर ईक," त्या म्हणाल्या. "पर वढून न्यायची न्हाई."

"आई, चालूच होईना तर वढूनच न्यावं लागंल ना."

"तुज्या बापानं एक बी जनावर वढून बाजारात नेलं का? फळीवरून आपल्या पायानं चढंल तेच न्यायचं. जे बसलं ते घरी. म्हातारी मेंढी आस्ली तरी."

"आगं ती गाडी हाय. मेंढी हाय का?"

"त्यानं कवा फरक केला?"

बालाजीनं मोबाइल खिशात टाकला. ही तुमची रीत सगळ्यांना माहीत होती. बाजारला न्यायची जनावरं तुम्ही ट्रकमागं फळी लावून उभे राहून बघायचात. दोर लावून ओढायला लागलं तर ते जनावर तुम्ही परत पाठवायचात, धन्यानं कितीही विनवलं तरी. "त्याला जायचं न्हाई. मी कोण नेणारा?" मामींनी तोच नियम आता बाणाईला लावला होता. भंगारवाल्याला यायला मोजके दिवस होते. तेवढ्यात ती आपल्या चाकांवर चालली पाहिजे, नाहीतर मामी क्रेनपुढं जाऊन बसतील, यात मला शंका नव्हती. आणि बापाच्या मागं लगेच आईशी असलं भांडण बालाजीला झेपलं नसतं.

मी बाळापूरहून सलीमभाईला आणलं. तुमचा गिअरबॉक्स त्यानं आजवर जितक्यांदा खोललाय, तितक्यांदा स्वतःच्या घराचं कपाटही उघडलं नसेल. तो आला तो आधी तुमच्या खाटेजवळ जरा वेळ बसला. मग म्हणाला, "मास्तर, पैलेच बोलता हूं. गिअर मैं नई खोलता. मामू के नाम की कसम खाया हूं."

"गिअर नाही सलीमभाई. फक्त चालू करून द्या."

नवी बॅटरी जोडली. सेल्फ फिरला, इंजिन उठेना. त्यानं हातपंप मारून डिझेलच्या लाइनीतली हवा काढली. फेस येत राहिला, मग स्वच्छ डिझेल आलं. सेल्फ मारला. उठली. भक-भक, भक. मी खुंटी लावली. इंजिन तापलं तशी ती नीट चालायला लागली. बालाजीनं डोळे पुसले. सलीमभाई हात पुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत मुडदा. हातपंप मारला, परत फेस. चालू झाली, धूर, दम, बंद. मी सलीमभाईला फोन केला. तो म्हणाला, नोझल असेल. म्हणजे तुमचा पक्ष. मी म्हणालो, कॉम्प्रेशन. म्हणजे माझा. तुमच्या जागी मला त्याच्याशी भांडावं लागलं आणि त्यात काही मजा नव्हती. तिसऱ्या सकाळीही तेच. निखारे ठेवून बघितले. मामींनी न सांगता घमेलं भरून आणलं. त्यानंही उठली नाही. थंडी हे कारण असतं, तर निखाऱ्यानं फरक पडला असता. रिंगा गेल्या असत्या, तर फेस कशाला आला असता? रोज रात्रीतून लाइनीत हवा शिरत होती, एवढं नक्की. कुठून, ते सापडेना. सगळे सांधे कोरडे होते. डिझेलचा एक थेंब कुठं दिसेना.

त्या दुपारी मी कंटाळून माळावर गेलो. काही शोधायला नाही. घरात तुमच्या चपला दिसत होत्या म्हणून. बाभळीखाली, तुमची गाडी जिथं रोज उभी राहायची तिथं जाऊन बसलो. चाकांचे दगड तसेच होते. इंजिनाच्या जागेखाली जमिनीवर काळा डाग होता, परातीएवढा, त्यात गवताचं पातं नाही. तो डाग मी शाळेत असल्यापासून बघत आलो आहे. जुनी गाडी ऑइल गाळते, त्यात काय नवीन. मी सहज मुरुमाचा खडा उचलून हुंगला. ऑइलचा वास नव्हता. डिझेलचा होता.

मी तो खडा हातात धरून उताराकडं तोंड करून बसलो, मामा. मग हळूहळू सगळं जुळत गेलं. उतारावर गाडीचं तोंड खाली, म्हणून टाकी वर आणि इंजिन खाली. कुठल्या तरी सांध्याला बारीक फट होती. तिथून डिझेल थेंब थेंब खाली पडायचं, पण लाइन रात्रभर भरलेली राहायची. सपाटीवर टाकी खाली, इंजिन वर. त्याच फटीतून हवा आत शिरायची आणि नळीतलं डिझेल मागं टाकीत उतरायचं. म्हणून दारात सगळं कोरडं दिसत होतं. चालू होऊन सपाटीवर आली तरी थंड इंजिन त्याच फटीतून हवा ओढायचं, म्हणून खुंटी. इंजिन तापलं की सांधा फुगून बसायचा आणि दुखणं लपायचं.

म्हणजे तिला खरंच उतार मानवत होता. तुमचं बरोबर होतं. आणि उतारावर ती सेल्फवर उठली असती, रोज घरंगळून दुसरा गिअर आदळायची गरजच नव्हती. म्हणजे माझंही बरोबर होतं. रिंगा चांगल्या आहेत, नोझलं चांगली आहेत. तिथं आपण दोघंही चुकलो. गिअरबॉक्स कितीदा दुरुस्त केला, पण त्याचं दुखणं गिअरबॉक्समध्ये नव्हतंच. आणि सलीमभाईला तरी कसं कळणार? त्याच्याकडं मुक्कामाला न्यायची वेळ आली तरी तुम्ही गाडी त्याच्या गॅरेजात न लावता रस्त्याच्या भरावावर, उतार बघून लावायचात. थंड पडलेली बाणाई सपाटीवर कशी वागते, हे तुम्ही वैद्याला कधी दिसूच दिलं नाहीत. लाजत होतात का तिच्यासाठी?

फट डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या तोंडाशी निघाली. तिथल्या बोल्टखालची तांब्याची वायसर एका बाजूनं बसली होती. सलीमभाई नवी घेऊन आला. बसवली, हवा काढली, चालू केली, बंद केली. मग आम्ही तिला हात न लावता रात्रभर दारात तशीच ठेवली, सपाटीवर.

सकाळी बालाजी केबिनमध्ये बसला. मामी ओसरीवर उभ्या होत्या, पदर तोंडाला. त्यानं सेल्फ मारला. बाणाई उठली. पांढरा धूर थोडा आला आणि विरला. खुंटी लावली नव्हती. बालाजीनं पाय उचलला. ती आपल्या बळावर, एका लयीत, दारात उभी राहिली.

मामी खाली आल्या. "बंद कर," म्हणाल्या. बालाजीनं बंद केली. "आता परत चालू कर." परत उठली. मामींनी ते असं कितीदा करायला लावलं कोण जाणे. शेवटी त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच व्हतं का?"

सलीमभाई खिशातली जुनी वायसर काढून बघत होता. अंगठीपेक्षा मोठी नसेल. तो म्हणाला, "मामू रहते तो मेरे को गाली देते." मग म्हणाला, "दो दिन गाली देते, फिर दारात गाडी लावके चाय पीते."

भंगारवाल्याला बालाजीनं नको म्हणून कळवलं. बाणाई ठेवायची नाही, हे मामींनाही मान्य आहे. चालवणारं घरात कुणी नाही. हट्ट्याचे हळदवाले, ज्यांचा माल तुम्ही वाहायचात, ते घेतो म्हणाले. भंगारात नाही, चालवायला. ठरलं तेव्हा मामींनी त्यांना फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: कपाळावरचं नाव पुसू नका, आणि दुसऱ्या गिअरला दोर लागतो. आता घरंगळवणं थांबलंय, तर सलीमभाई हट्ट्याला जाऊन तो गिअरबॉक्स शेवटचा एकदा खोलून देणार आहे. कसमेचं काय, विचारलं तर म्हणाला, मामूला सांगून ठेवलंय.

काल आम्ही तिला पोचवायला निघालो. बालाजी चालवत होता, मामी मधे, मी कडेला दोर धरून. चढावर जरा ढील पडली तर मामींनीच माझ्या हातावर हात ठेवून दोर ताणला. वसमतला पोचल्यावर बालाजीनं मला न विचारता गाडी माझ्या घराकडं वळवली. फाटकाबाहेर, तुम्ही उभी करायचात त्याच जागी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

इतकी वर्षं त्या गल्लीत बाणाई आली म्हणजे आवाज असायचाच. काल पहिल्यांदा ती तिथं आवाजाविना उभी होती. बायको सवयीनं ट्रेमध्ये कप घेऊन फाटकापर्यंत आली आणि थांबली. मामी खाली उतरल्या, आत आल्या. सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, खिडकी उघडून बघितली, आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या. चहा प्यायला. कुणाला घाई नव्हती. मी पण बसलो आणि किती दमलोय ते तेव्हा कळलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही. मूर्खपणाच तो, पण बसू दिलं नाही.

निघताना बाणाई एका झटक्यात उठली.

हट्ट्याला गाडी रिकामी करून देताना मामींनी केबिनमधल्या कागदांची पिशवी माझ्याकडं दिली. आरसी बुक, विमा, परमिट, आणि त्यांच्यात एक अंतर्देशीय पत्र, घड्यांवर फाटायला आलेलं. ते मीच लिहिलेलं, हॉस्टेलवर तुम्ही मला सोडून गेलात त्याच आठवड्यात. मला ते आठवत होतं. तुम्ही ते गाडीच्या कागदांत ठेवलंय, हे माहीत नव्हतं. तुम्हाला सांगायचं जे काही माझ्याकडं होतं, ते तेव्हाच सांगून झालं होतं असं आता वाटतं. म्हणून तेच परत पाठवतो.

*

ती. मारोतीमामांस,

दत्ताचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. मेसमध्ये भाकरी मिळत नाही, पोळी मिळते. खोलीत माझ्यासोबत दोन पोरं आहेत. त्यांचे वडील वर आले होते. तुम्ही आला नाहीत म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या गाडीचं इंजिन बंद करता येत नाही. ते हसले. मला राग आला नाही.

माझी खिडकी दुसऱ्या मजल्यावर डावीकडून तिसरी. तुम्ही वेगळ्या खिडकीला हात केला होता.

मामा, मी काल हॉस्टेलच्या चारी बाजूंनी फिरून आलो. समोर सगळं सपाट आहे. पण मागच्या बाजूला पाण्याची टाकी आहे, तिथून ओढ्याकडं रस्ता उतरतो. उतार आपल्या माळापेक्षा थोडा कमी आहे, पण चालेल. मी त्यावरून एक रिकामा ड्रम सोडून बघितला, तो खालपर्यंत गेला. तिथं कडुलिंबाचं झाडही आहे, गाडीला सावली राहील. चाकाला लावायला दोन मोठे दगड आणून ठेवलेत.

पुढच्या खेपेला तिथं गाडी लावा. इंजिन बंद करा आणि वर या.

तुमचा,
दत्ता